खोली नंबर तीन

मे महिना. रात्रीचे नऊ वाजले तरी
सावद्याचं डांबर चपलेला सोडत नाही,
आणि माणसं येताहेत शाली घेऊन.
कानटोप्या. एकाने तर गोधडी आणली.
फालक शेठच्या कोल्ड स्टोरेजचं गेट,
तिकीट शंभर रुपये, त्यात एक चहा.

मला गाणं ऐकायला बोलावलं नव्हतं.
मी कॉम्प्रेसरचा माणूस.
बावीस वर्षं या आठ खोल्यांचा ताप बघतोय,
सोळा, सतरा, अठरा.
गॅस सोडला की चौथ्या दिवशी हिरवं पिवळं होतं,
त्यापलीकडे रंगातलं मला कळत नाही.

तीन नंबर रिकामी होती, माल कालच दिल्लीला गेलेला.
भिंतींत गोडसर वास अडकून,
क्रेट उलटे घालून बसायची सोय.
बँडचं नाव सुकी. आमच्याकडची नदी.
मागून कोणीतरी ओरडलं,
पाणी कुठी हाये रे भो?

भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला ऑल्विन, ड्रमवर.
यावलचा रुबाब तडवी, गिटार,
पायाशी पेडलांची रांग, घंगाळाएवढा वायरींचा गुंता.
चिनावलची हेमांगी भंगाळे, बेस.
आणि धडगावकडचा जामसिंग पावरा,
त्याने पावरी भोपळ्यासकट भिंतीला टेकवली
आजारी माणसाला बसवावं तशी.

मी विचारलं, मशीन बंद करू का? आवाज येईल.
थांबा काका, म्हणाली हेमांगी.
भिंतीला कान लावून उभी राहिली.
मग खुंटी पिळली,
थोडी,
अजून केसभर,
आणि तार सोडली.
मशीन कुठलं, तार कुठली, मला कळेना.
जिच्या घरघरीला बावीस वर्षं शिव्या घालत तेल पाजलं
ती सुरात होती.

मग एकच गत. तीच.
परत तीच.
दहाव्या मिनिटाला मी घड्याळ पाहिलं.
परत तीच.
ऑल्विन काही करतोय असं वाटायचंच नाही,
झांजेच्या कडेला एक काडी, टिक्, टिक्,
मालगाडी एकेक डबा सांध्यावरून नेते
आणि फाटकावर डबे मोजणारं पोर
चाळिसाव्या डब्याला झोपतं, तसं.

फैजपूरच्या कॉलेजातला भंगारातला प्रोजेक्टर,
काचेवर गोडेतेल आणि रंगपंचमीचा उरलेला निळा,
एक मुलगी ते बोटाने ढवळत होती.
भिंतीवर जांभळं केळफूल उलगडलं,
पाकळीआड पाकळी, पाकळीआड फणी,
फणीला बोटं, बोटांना बोटं,
माझीही त्यात असावीत.

केव्हातरी जामसिंगने पावरी उचलली.
होळीच्या रात्री सातपुड्याकडून ती यायची
वाऱ्याने निम्मी खाल्लेली.
इथे अख्खी होती. छातीपासून हातभर.
रुबाबचं गिटार तिचं शेपूट धरून गेलं
कुठे ते विचारू नका,
मी सोबत होतो एवढंच सांगतो.

नाचलं कोणी नाही. डुलत होते,
फाटक्या पानांची बाग डुलते तसे.
शाली क्रेटखाली घसरल्या.
दारावरचा काटा मी पाहिला, सतरा होता,
एकोणीस झाला, एकवीस.
पन्नास माणसांचा ताप.
तो खाली आणणं माझं काम.
मी उठलो नाही.

घरी गेलो तेव्हा दीड वाजला होता.
काय वाजवलं, बायकोने विचारलं.
मी तिचा हात धरून फ्रिजच्या कुशीला लावला.
बिघडला का?
नाही, म्हटलं, ऐक.
ती ऐकत राहिली, झोपेत, माझी कीव करत,
आणि तेवढ्यात काटा लागला, फ्रिज थांबला.

आम्ही दोघं अंधारात उभे,
तो परत सुरू व्हायची वाट बघत.